अंधारात उभी ट्रॉली, मागून आलेली दुचाकी : दोष कोणाचा, किती, आणि तो सिद्ध कसा करायचा

"मागून धडकला ना? मग चूक त्याचीच." गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात हे वाक्य दवाखान्याच्या व्हरांड्यात ऐकू येतं, पोलीस ठाण्यात ऐकू येतं, आणि पुढे विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात छापून येतं. घरचा माणूस नुकताच गेलेला असतो. त्या अवस्थेत कुटुंबही ते मान्य करून टाकतं. क्लेमची कामं पाहताना मला सर्वात जास्त त्रास याच क्षणाचा होतो, कारण कायदा असं म्हणत नाही.

रस्त्यावर उभं असलेलं किंवा संथ चाललेलं वाहन दिवे न लावता, रिफ्लेक्टर न लावता रात्री ठेवणं हा स्वतंत्र निष्काळजीपणा आहे. मागच्याचा दोष असू शकतो, नसूही शकतो. असला तर किती, हे पुराव्यावरून ठरतं. हा पुरावा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच गोळा होतो, नाहीतर कायमचा हातातून जातो. म्हणून हा लेख शक्यतो अपघात होण्याआधी वाचून ठेवा.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

कोर्टात 'कॉन्ट्रिब्युटरी' आणि 'कॉम्पोझिट' असे दोन शब्द कानावर पडतील. दोन्हींचा अर्थ ढोबळमानाने 'दोघांची चूक' असाच लावला जातो आणि तिथेच पैशांचं नुकसान होतं.

पहिला, अंशदायी निष्काळजीपणा. ज्याला इजा झाली त्याची स्वतःचीही थोडी चूक होती, असा याचा अर्थ. दुचाकी चालवणारा बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळून गेला, भरपाई २० लाख ठरली आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाने (भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाने) त्याचा दोष ३० टक्के धरला, तर वारसांना १४ लाख मिळतात. ६ लाख वजा होतात.

दुसरा, संमिश्र निष्काळजीपणा. इजा झालेल्या माणसाची काहीच चूक नाही, पण दोन वाहनांच्या चुकीतून तो सापडला. दुचाकीवर मागे बसलेली बायको, जीपमधले वऱ्हाडी, एसटीतला प्रवासी ही याची उदाहरणं. इथे टक्केवारी दोन वाहनांमध्ये आपसात ठरते, जखमीच्या रकमेतून काही कापलं जात नाही. आणि संपूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे ((२०१५) ९ एससीसी २७३; कंसातले असे आकडे म्हणजे निकाल शोधण्याचे संदर्भ, ते वकिलाला द्या). ज्याने जास्त भरलं त्याने दुसऱ्याकडून नंतर मागावं.

याचा व्यवहारातला उपयोग फार मोठा आहे. बऱ्याच दुचाकींचा विमा फक्त थर्ड पार्टीचा असतो आणि त्यात मागे बसणाऱ्याची जोखीम धरलेली नसते. अशा वेळी दुचाकीच्या विमा कंपनीकडून काही मिळणार नाही म्हणून लोक हात टेकतात. पण ट्रॉलीचा थोडा जरी दोष सिद्ध झाला, तरी मागे बसलेल्याला पूर्ण रक्कम ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बाजूकडून मागता येते. म्हणून एकाच अपघातात चालवणारा आणि मागे बसणारा असे दोघे असतील, तर दोन वेगळे अर्ज करा आणि दोन्हींची मांडणी वेगळी ठेवा. एकाच मसुद्यात नावं बदलून केलेले अर्ज मी पाहिले आहेत. त्यात मागे बसलेल्या बाईचीच रक्कम विनाकारण पणाला लागते.

कायद्याचा पाया

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२२ अगदी नेमकं आहे: कोणतंही वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी धोका होईल अशा स्थितीत उभं ठेवायचं नाही. यात ट्रेलर हा शब्द स्वतंत्रपणे आला आहे, म्हणजे ट्रॅक्टर सोडवून नेला आणि ट्रॉली रस्त्यावर ठेवली, ही पळवाट चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्ये रिफ्लेक्टर (नियम १०४), सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून लावायचे दिवे (नियम १०५) आणि रस्त्यावर उभं असतानाही जळत राहिले पाहिजेत असे पार्किंग लाईट (नियम १०९) यांची तरतूद आहे.

"वाहन तर उभं होतं, मग ते 'वापरात' कसं?" असा बचाव अजूनही कधीकधी येतो. त्याचं उत्तर आपल्याच मातीतलं आहे. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला आणि सुमारे चार तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसं गेली. त्या वेळी टँकर नुसता पडून होता. तरीही ते वाहनाच्या वापरातूनच घडलं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवलं ((१९९१) ३ एससीसी ५३०).

उभ्या वाहनावर आदळण्याबद्दलचे अलीकडचे निकालही हाताशी ठेवा. रात्री रस्त्याच्या मधोमध दिव्यांविना उभ्या असलेल्या गॅसच्या टँकरवर मोटार आदळली. हायकोर्टाने मोटारीचा अर्धा दोष धरला, सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला. समोरच्या वाहनांच्या झोताने डोळे दिपले होते, ही बाब तिथे महत्त्वाची ठरली ((२०१८) ३ एससीसी ३६५). दुचाकीस्वाराच्या प्रकरणात, हेडलाईटमध्ये उभं वाहन दिसायलाच हवं होतं, हा हायकोर्टाचा निव्वळ तर्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही ((२०२०) ५ एससीसी ८०७). सप्टेंबर २०२४ मध्ये चौदा चाकी ट्रेलरवर आदळलेल्या मोटारीच्या प्रकरणात पूर्ण दोष ट्रेलरचा धरला गेला आणि चालकाची चूक प्रवाशांच्या माथी मारून त्यांची भरपाई कापता येत नाही, हेही पुन्हा सांगितलं गेलं (२०२४ आयएनएससी ७०६).

उलटा निकालही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. चालत्या ट्रकच्या मागे जेमतेम १०-१५ फुटांवर गाडी ठेवून चाललेल्या चालकालाच २०१८ मध्ये जबाबदार धरलं गेलं ((२०१८) ६ एससीसी ७६५). पुढचं वाहन चालतं असेल, त्याला दिवे असतील, आणि तुम्ही त्याच्या शेपटीला चिकटून असाल, तर वरचे निकाल उपयोगी पडणार नाहीत. आपलं प्रकरण कोणत्या गटात बसतं, हे वकिलाला पहिल्या दिवशी प्रामाणिकपणे सांगा.

ती रात्र आणि पुढचे दोन दिवस

जीव आधी. १०८ ला फोन करा. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. दाखल करतानाच तिची विचारणा करा.

मग घरातला किंवा भावकीतला एक शांत डोक्याचा माणूस फक्त घटनास्थळासाठी नेमा. वाहनं हलवण्याआधी तो तिथे पोचला तर निम्मं काम झालं. त्याने काय करायचं?

ट्रॉलीच्या मागच्या बाजूचे फोटो घ्यायचे, जवळून आणि लांबून, फ्लॅशसह आणि फ्लॅशविना. फ्लॅश नसलेल्या फोटोत काहीच दिसत नाही म्हणून लोक तो पुसून टाकतात, आणि तोच सर्वात बोलका पुरावा असतो. मागचा दिवा आहे का, त्यात बल्ब आहे का, वायर ट्रॅक्टरला जोडलेली आहे का, रेडियमची पट्टी आहे का, असली तर चिखलाने किंवा लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या शेंड्यांच्या पानांनी) झाकली आहे का, हे एकेक टिपायचं. उसाची डबल ट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर पोचते का, हे हमखास पाहा; पुढच्या ट्रॉलीचा दिवा चालू असून मागची काळीकुट्ट, असं सर्रास असतं. ट्रॉली डांबरावर किती आली होती, साईडपट्टी किती रुंद होती, मागे झाडाची फांदी किंवा दगड ठेवले होते का, हेही पाहा. अपघातानंतर कोणी घाईघाईने पट्टी चिकटवली किंवा दिवा लावला, तर आधीचा फोटो तुमच्याकडे असला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याच वेळी त्याच जागी जा. रस्त्यावरचे दिवे आहेत का, वळण आहे का, समोरून येणाऱ्या गाड्यांचा झोत डोळ्यांवर येतो का, याचं चित्रीकरण करा. त्या दिवसाची तिथी, चंद्रोदय आणि सूर्यास्ताची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरातच असते, ते पान जपून ठेवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेसहापासून दिवे लावण्याचं बंधन सुरू होतं. "तेव्हा उजेड होता" हा बचाव त्या एका पानाने पडू शकतो.

जवळचा पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाका यांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवण्याची लेखी विनंती पंपाला द्या, तिची प्रत पोलिसांना द्या. मोबाईलमधले फोटो, व्हिडिओ पुढे पुरावा म्हणून वाचायचे तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फोटोत मूळ वेळ राहत नाही.

उसाच्या ट्रॉलीबाबत आणखी एक कागद उपयोगी पडतो: कारखान्याची ऊस पावती आणि वजनकाट्याची नोंद. वाहन कोणाचं, कोणत्या शेतातून, किती टन घेऊन, कधी निघालं, हे त्यातून कळतं. मालक "ती ट्रॉली माझी नव्हतीच" म्हणू लागला की याच नोंदी कामाला येतात. पोलिसांना त्या मागवायला लेखी सांगा.

फिर्यादीचे शब्द

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. दुःखात बुडालेला भाऊ सांगतो, "अंधारात ट्रॉली दिसली नाही, म्हणून धडकला." अंमलदार तेच लिहून घेतो. वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच जबाब वाचून दाखवतो आणि विचारतो, "म्हणजे त्याचं लक्ष नव्हतं?"

पाहिलेलं असेल, तर तसं आणि तेवढंच लिहून घ्या: ट्रॉली डांबरी रस्त्यावर उभी होती, तिच्या मागच्या बाजूला दिवा चालू नव्हता, रिफ्लेक्टर नव्हते, मागे इशाऱ्याची कोणतीही खूण नव्हती, रस्त्यावर उजेड नव्हता. स्वतः पाहिलं नसेल तर "मला अमुक व्यक्तीने सांगितलं" असंच लिहा. खोटा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार उभा केला तर उलटतपासणीत तो कोसळतो आणि खरी बाजूही सोबत घेऊन जातो. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या.

घटनास्थळ पंचनामा करताना हजर राहा आणि दिवे-रिफ्लेक्टरची नोंद करायला सांगा. नकाशात अंतरं मीटरमध्ये येऊ द्या. मोटार वाहन निरीक्षक दोन्ही वाहनांची तपासणी करतात. त्यांच्या अहवालात ब्रेकबद्दल लिहिलेलं असतं, पण दिव्यांचा रकाना अनेकदा मोघम भरलेला असतो, म्हणून तपासणीआधीच तपासी अंमलदाराला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. आजचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१, १०६(१) आणि रस्ता अडवल्याबद्दल २८५ खाली येऊ शकतो. २८५ लागलं आहे का, हे तपासा.

मरण पावलेल्या दुचाकीस्वारावरच गुन्हा दाखल झाला, आणि आरोपी मयत म्हणून पोलिसांनी अ‍ॅबेटेड समरी (प्रकरण बंद करण्याचा अहवाल) पाठवली, असं आपल्याकडे फार वेळा होतं. खचून जाऊ नका. पोलीस ठाण्याला लेखी तक्रार द्या. दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे, तिथूनही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये आहे. मोटार अपघात न्यायाधिकरण एफआयआरने बांधलेलं नसतं. तिथे 'अधिक शक्यता कोणती' एवढाच निकष असतो, फौजदारी खटल्यासारखा नि:संशय पुरावा लागत नाही ((२००९) १३ एससीसी ५३०). मृताविरुद्धची एफआयआर हा फक्त एक कागद आहे, त्याला उत्तर देता येतं.

अर्ज कधी, कुठे, कोणाविरुद्ध

२०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. त्याची प्रत मागा. पण त्याच्या भरवशावर बसू नका. १ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांत भरपाईचा अर्ज करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) ची सहा महिन्यांची मुदत आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, तरी तुम्ही सहा महिनेच धरून चला. दहावं-बारावं, दिवसकार्य, शेतीची कामं यात चार महिने कसे जातात ते कळत नाही.

अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, किंवा समोरचा जिथे राहतो, यापैकी कुठल्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पुण्यात नोकरी करणाऱ्याला सोलापूरला खेटे घालायची गरज नाही. ट्रॅक्टरचा मालक, चालक, विमा कंपनी, आणि ट्रॉलीचा मालक वेगळा असेल किंवा तिचा विमा वेगळा असेल तर तेही, अशा सगळ्यांना पक्षकार करा. ट्रॅक्टरचा नंबर आहे पण ट्रॉलीला नंबरच नाही, ही नेहमीची अडचण आहे. पंचनाम्यात ट्रॉलीचा रंग, त्यावर लिहिलेलं नाव, चाकांची संख्या आली असेल तर तिथे मदत होते.

कोणाचा दोष, हा वाद लांबणार असं दिसलं तर कलम १६४ चा पर्याय वकिलाशी बोलून पाहा. त्यात चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख ठरलेले आहेत. मात्र तो मार्ग घेतला की कलम १६६ ची मोठी रक्कम सोडावी लागते. कमावता माणूस गेला असेल आणि पुरावा बरा असेल, तर माझं मत कलम १६६ कडेच झुकतं.

टक्केवारीची लढाई

तुमचा दोष होता असं म्हणणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. विमा कंपनी लेखी म्हणण्यात एक ओळ टाकते, "मयताने भरधाव व हयगयीने वाहन चालवले", आणि ट्रॉलीच्या चालकाला साक्षीला आणतच नाही. दिवे चालू होते हे त्याच्याइतकं दुसरं कोणाला माहीत? तो पिंजऱ्यात आला नाही, ही बाब युक्तिवादात ठळकपणे मांडा.

आणि एक हिशोब मांडा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण २० मीटर, म्हणजे एकूण ४५. डिपरवर असलेल्या दुचाकीच्या दिव्यात काळपट उसाची मोळी किंवा धुळीने माखलेली फळी ३० मीटरवर जरी दिसली, तरी माणूस वेळेत थांबू शकत नाही. हाच हिशोब ४० च्या वेगाला केला तर २६ मीटर येतात. म्हणजे वेगाचा प्रश्न खरा आहे, आणि टक्केवारीचा वाद इथेच होतो. वाहनांची मोडतोड, घसरल्याच्या खुणा, दुचाकी किती फरपटली, यावरून वेगाबद्दल बोला. वाहनं नंतर कुठे पडलेली सापडली, एवढ्या पंचनाम्यावरून मात्र दोष ठरत नाही ((२०१३) ९ एससीसी १६६).

दुचाकीवर तिघे होते, लायसन्स नव्हतं, ही कारणं कायम पुढे केली जातात. ती कायद्याची चूक आहे, दंड होईल. पण त्याचा अपघाताशी किंवा इजेशी कार्यकारण संबंध दाखवल्याशिवाय भरपाई कापता येत नाही. तिघांबद्दल (२०२०) ३ एससीसी ५७ आणि लायसन्सबद्दल (२००८) १२ एससीसी ४३६ वकिलांना दाखवा. दारूचं मात्र वेगळं आहे. रक्ताच्या अहवालात ती आढळली असेल तर वकिलापासून लपवू नका. उलटतपासणीत ती बाहेर येणारच.

तडजोडीच्या लोकअदालतीत विमा कंपनी बऱ्याचदा "पन्नास-पन्नास धरू" म्हणते. ५० हा आकडा कोणत्याही कलमात नाही. तिच्याकडे पुरावा काय आहे हे विचारा, आणि मगच कमी-जास्त करा.

समोर बैलगाडी असेल तर

कारखान्याच्या रस्त्यावर बैलांच्या टायरगाड्याही असतात. बैलगाडी हे मोटार वाहन नाही आणि तिचा थर्ड पार्टी विमाही नसतो. दुचाकीस्वार बिनदिव्याच्या बैलगाडीवर आदळला तर गाडीवानाविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागता येत नाही, दिवाणी दावा करावा लागतो, आणि ऊसतोड मजुराकडून वसूल होणार तरी काय? अशा वेळी आधी स्वतःच्या दुचाकीची पॉलिसी उघडा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा त्यात घेतलेला असेल आणि चालवणारा हाच मालक असेल, वैध लायसन्ससह, तर तो मागता येतो. त्याला समोरच्याची चूक लागत नाही. हा विमा असूनही कुटुंबाने कधी मागितलाच नाही, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

ट्रॉलीच्या मालकासाठी

तुम्हीही शेतकरीच आहात, आणि निकाल विरुद्ध गेला तर सातबाऱ्यावर बोजा येऊ शकतो. विमाच नसेल तर पूर्ण रक्कम तुमच्याकडूनच वसूल होते. विमा असून चालकाकडे योग्य लायसन्स नसेल किंवा पॉलिसीची अट मोडली असेल, तर न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावून ते तुमच्याकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकतं. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरबरोबरच तपासून घ्या, आणि ऊस वाहतुकीला ती पॉलिसी चालते का हे एजंटाकडून लेखी घ्या.

भर भरल्यावर ट्रॉलीच्या मागे जाऊन उभे राहा. वाढे लोंबून दिवा झाकत असतील तर कोयत्याने छाटा. मागच्या ट्रॉलीपर्यंत वायर ओढा, लाल रेडियमची पट्टी पूर्ण रुंदीभर लावा, आणि वरून दिसेल असा एक बॅटरीचा लुकलुकणारा लाल दिवा बांधून ठेवा. टायर फुटला तर ट्रॉली डांबराखाली घ्या. ते शक्य नसेल तर माणूस बॅटरी घेऊन बराच मागे उभा करा, वाहनाच्या अगदी मागे नव्हे, नाहीतर आधी त्याचाच जीव जाईल. दगड लावले असतील तर निघताना ते रस्त्यातून उचलून बाजूला टाका.